बंपर काढला, त्याची गोष्ट

गेल्या पंधरा दिवसांत आठ-दहा जणांनी तरी विचारलं असेल, "गाडी अशी बोडकी का दिसतीय? पुढचा गार्ड कुठं गेला?" प्रत्येकाला काहीतरी थातुरमातुर सांगून वेळ मारून नेली. आज सविस्तर लिहितो. पोस्ट मोठी आहे. पण ज्यांच्याकडे थार, बोलेरो, स्कॉर्पिओ, जिम्नी आहे किंवा घ्यायची आहे, त्यांनी शेवटपर्यंत वाचावी. ज्यांच्याकडे फक्त मोटारसायकल आहे, त्यांनी तर नक्कीच वाचावी, कारण विषय त्यांचाच आहे.

सुरुवात ऑगस्ट २०१९ पासून करावी लागेल.

माझी ताई सांगलीला गावभागात दिलेली. त्या महापुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या पुढे गेलं होतं. ४० फुटांना इशारा आणि ४५ ला धोका, हे सांगलीत शाळेतलं पोरगंसुद्धा सांगतं. ५७ म्हणजे काय असतं, ते ज्यांनी बघितलं त्यांनाच माहीत. मी कराडहून छोट्या गाडीनं निघालो. पेठ नाक्यावरून आत वळलो आणि आष्ट्याच्या पुढे अडकलो. समोर रस्ताच नव्हता, नुसतं गढूळ पाणी आणि त्यातून वर आलेले विजेचे खांब. दाजींचा फोन लागेना. दोन तास तिथं उभा राहिलो आणि गाडी वळवून परत आलो. ताई आणि तिच्या सासूबाईंना दुसऱ्या दिवशी बोटीतून बाहेर काढलं. दोघी सुखरूप होत्या. पण त्याच दिवसांत पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला माणसं घेऊन निघालेली बोट उलटली. बातमी ऐकली तेव्हा हातातला घास खाली ठेवला होता. आमची माणसं ज्या बोटीत बसली, ती तशीच भरलेली होती.

त्या दोन तासांचा राग मनात राहिला. मी तेव्हाच ठरवलं की आता अशी गाडी घ्यायची, जी कुठंही थांबणार नाही.

२०२० च्या ऑक्टोबरात नवी थार आली. बुकिंग केलं, वाट बघितली आणि २०२१ मध्ये गाडी दारात आली. जुलैत पुन्हा तसाच पाऊस. पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथं दरडी कोसळून घरंच्या घरं गाडली गेली. आम्ही मित्र तांदूळ, ताडपत्र्या, घोंगड्या घेऊन पाटणकडे निघालो. खरं सांगतो, त्या दिवशी माझ्या गाडीनं काही पराक्रम केला नाही. जेसीबी पुढं चिखल ओढत होता आणि त्याच्या मागं आम्ही. जिथं जेसीबी थांबला तिथं आम्हीही थांबलो. पुढं गावातली पोरं डोक्यावर पोती घेऊन चालत गेली.

यातून शिकायला पाहिजे होतं. मी उलटंच शिकलो. मला वाटलं, गाडी अजून मजबूत पाहिजे.

मग सुरू झालं मॉडिफिकेशन. ज्यांनी केलंय त्यांना माहितीय, हे एकदा सुरू झालं की थांबत नाही. हिशोब सांगतो, म्हणजे कुणी "हौस किती खर्चाची?" असं विचारायला नको. पुढचा स्टीलचा बंपर ४५ हजार. त्यात बसवलेली विंच ६० हजार. गाडीच्या पोटाखाली स्किड प्लेट २५ हजार. दोन्ही बाजूंना रॉक स्लायडर २२ हजार. दोन इंची लिफ्ट किट ५० हजार. पाच ए.टी. टायर ७० हजार. स्नॉर्कल १५ हजार. वरचा लाइट बार आणि वायरिंग १२ हजार. बेरीज करा, तीन लाखाला एक हजार कमी. बायकोला मी दीड लाख सांगितले होते. ही पोस्ट ती वाचणारच आहे, त्यामुळं एकदाचं तेही मोकळं झालं.

गाडीचं वजन दीड-पावणेदोनशे किलोनं वाढलं. मायलेज १३ वरून १० वर आलं. ब्रेक दाबल्यावर गाडी आधीपेक्षा पुढं जाऊन थांबायला लागली. उंची वाढल्यामुळं वळणावर डुलायची. हेडलाइटचा झोत समोरच्याच्या थेट डोळ्यात जायला लागला. हे सगळं मला कळत होतं. पण चौकात गाडी उभी केली की पोरं फोटो काढायची, आणि तेवढ्यावर माणूस बाकीचं विसरतो.

अजून एक गोष्ट झाली. ती माझ्या फार उशिरा लक्षात आली आणि ही पोस्ट लिहायचं खरं कारण तीच आहे.

गाडी साधी होती तेव्हा मी रस्त्यावर बोलायचो. आमच्या गावच्या फाट्यावरच्या खड्ड्यासाठी दोन वेळा अर्ज दिले होते. याच पेजवर ओढ्यावरच्या बुटक्या फरशीपुलाचे फोटो टाकले होते. तो पूल दर पावसाळ्यात पाण्याखाली जातो आणि पलीकडच्या वस्तीची शाळा बुडते. तीन लाख घातल्यावर मी ते लिहिणं बंद केलं. ठरवून नव्हे. मला खड्डा लागायचाच बंद झाला होता. फरशीवर फूटभर पाणी असलं तरी मी सहज पलीकडं जायचो, वर आरशात बघून हसायचो. मागं एमएटीवर बाईमाणसं आणि शाळेची पोरं पाणी उतरायची वाट बघत उभी असायची. माझ्यापुरता रस्ता दुरुस्त झाला होता.

आता जानेवारीतली गोष्ट.

गाळप हंगाम जोरात होता. तासगावकडून कराडला येत होतो, दिवेलागणीची वेळ. पुढं उसाचा ट्रॅक्टर, मागं दोन ट्रॉल्या. दोन्ही ट्रॉल्यांना मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, बाहेर आलेल्या उसाच्या शेंड्यांना बांधलेली एक लाल चिंधी तेवढी. मी ओव्हरटेक करायला गाडी जराशी बाहेर काढली आणि ट्रॅक्टरच्या पुढून, शेताच्या वाटेनं एक मोटारसायकल रस्त्यावर आली. त्याला मी दिसलो नाही, मला तो दिसला नाही. मी ब्रेक दाबला. धडक बसली तेव्हा वेग पंचवीसच्या वर नसेल. पण बंपरचा डावा कोपरा त्याच्या मांडीवर बसला.

पोरगं बावीस वर्षांचं. दुधाच्या किटल्या घेऊन डेअरीवर निघालेलं. रस्त्यावर दूध पसरलं आणि त्यात तो पडला होता. शुद्धीवर होता. "माझा पाय, माझा पाय" एवढंच म्हणत होता.

माझ्याच गाडीत घालून आधी जवळच्या दवाखान्यात आणि तिथून मिरजेला नेलं. मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं. रात्री ऑपरेशन झालं, रॉड घातला. पोलिसांत नोंद झाली, पंचनामा झाला. जे कायदेशीर होतं ते सगळं झालं आणि खर्चाचं मी माझं बघितलं. ते इथं सांगण्यासारखं नाही, करायलाच पाहिजे होतं.

दोन वाक्यं मात्र सांगतो.

पहिलं डॉक्टरांचं. त्यांनी विचारलं, गाडीला पुढं लोखंड आहे का? मी हो म्हणालो. ते म्हणाले, "कंपनीचा प्लास्टिकचा बंपर दबतो, तुटतो, थोडा मार स्वतः घेतो. तुमच्या लोखंडानं काहीच घेतलं नाही. सगळं याच्या हाडाला दिलं." रागानं नाही बोलले. एक्स-रे समजावून सांगावा तसं सांगितलं.

दुसरं त्या पोराच्या आईचं. पहाटे चारला ती बाकड्यावर बसली होती. मी चहा आणून दिला. तिनं तो घेतला आणि मला विचारलं, "तुमच्या गाडीला काय लागलं न्हाई न्हवं?"

गाडीला ओरखडासुद्धा नव्हता. मला तिला तसं सांगता आलं नाही.

आता थोडं कायद्याचं आणि थोडं तंत्राचं, कारण "पोलिस पकडत नाहीत म्हणजे चालतंय" असा आपल्याकडं समज आहे.

डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानं सगळ्या राज्यांना कळवलं की गाड्यांना बुल बार किंवा क्रॅश गार्ड बसवणं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ च्या विरुद्ध आहे, कारवाई करा. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गाडीतल्या बदलांबद्दल निकाल दिला. उत्पादकानं ज्या मूळ नमुन्याप्रमाणं गाडी बनवली आणि जी आरसीवर नोंदली गेली, त्यात मूलभूत बदल करता येत नाही, असा त्याचा सार. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं कायद्यात शिक्षाही आली. परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागं ५ हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. माझ्या गाडीवरचे बदल मोजले तर दंडच किती होतो बघा. शिवाय विमा कंपनीला न कळवलेले बदल क्लेमच्या वेळी अंगावर येतात ते वेगळंच.

तंत्र सोपं आहे. आजकालच्या गाडीचा पुढचा भाग मुद्दाम चुरगळेल असाच बनवलेला असतो. धडकेचा जोर त्या चुरगळण्यात खर्च होतो आणि आतल्या माणसापर्यंत कमी पोचतो. एअरबॅगचे सेन्सर गाडीचा वेग किती झटकन कमी झाला, ते मोजून ठरवतात की फुगा कधी फुगवायचा. कंपनीनं सगळ्या चाचण्या मूळ बंपरवर केलेल्या असतात. पुढं चाळीस-पन्नास किलो लोखंड थेट चॅसीला बोल्ट केलं की तो हिशोबच बदलतो. एअरबॅग उशिरा उघडेल, नको तेव्हा उघडेल किंवा उघडणारच नाही. म्हणजे ज्या चिलखतावर आपण भरवसा ठेवतो, ते बाहेरच्याला मारतं आणि आतल्यालाही वाचवेलच असं नाही.

कुणी म्हणेल, ऑस्ट्रेलियात सगळे लावतात. लावतात, कारण तिथं शंभर-शंभर किलोमीटर माणूस दिसत नाही आणि रस्त्यावर कांगारू येतो. गाडीच्या एअरबॅगशी जुळतील असे बंपर तिथं बनतात. युरोपात तर पायी चालणाऱ्याला कमी इजा होईल अशा चाचणीशिवाय असा गार्ड विकता येत नाही. आपल्याकडं वेल्डिंगच्या दुकानात मापाला पट्टी लावून बनवतात आणि ती गाडी आपण मंडईतल्या गर्दीत घालतो. पाटणच्या बाजूला गवा आडवा येतो, हे मान्य. पण गव्यावर उपाय वेग कमी करणं हाच आहे. सहा-सातशे किलोच्या जनावरावर ऐंशीनं आदळल्यावर बंपर कुठला, काहीच कामाला येत नाही.

स्नॉर्कलबद्दलही सांगतो, कारण पूर बघून माझ्यासारखाच विचार करणारे खूप आहेत. स्नॉर्कल इंजिनाला फक्त हवा वरून देतं. गाडीला बोट बनवत नाही. माझ्या गाडीची पाण्यातून जायची कंपनीची मर्यादा ६५० मिलिमीटर, म्हणजे दोन फुटांपेक्षा जराशी जास्त, तीही साचलेल्या पाण्यात. वाहत्या पाण्यात दोन फुटांत भल्याभल्या गाड्या तरंगतात आणि वाहून जातात. पाण्याखालची फरशी शाबूत आहे की वाहून गेलीय, हे स्टेअरिंगवर बसून कुणालाच कळत नाही. २०१९ ला मी आष्ट्याच्या पुढं ही गाडी घेऊन उभा असतो, तरी ताईपर्यंत पोचलो नसतो. कदाचित मलाच काढायला बोट आली असती.

अजून एक कबुली राहिली. गाडी तयार झाल्यावर ती कुठंतरी दाखवायला लागते. मी पाटणच्या वरच्या अंगाला एका सड्यावर गाडी घातली होती, रील काढायला. पावसाळ्याचे दिवस, वीतभर मातीचा थर, त्यावर गवत आणि बारकी फुलं. तिथं गुरं घेऊन आलेले एक आजोबा म्हणाले, "पोरा, ही चाकोरी आता बुजत न्हाई. पानी ह्यातनंच जाणार आन् माती घिऊन जाणार." मी हसण्यावारी नेलं. पुढच्या वर्षी गेलो तर चाकोरीचा ओहोळ झाला होता. खाली नुसता कातळ. कासचं पठार २०१२ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेलं म्हणून निदान तिथं गाडी घालायला लोक कचरतात. बाकीच्या सड्यांना कुणी वाली नाही. ती रील मी डिलीट केलीय. चाकोरी तशीच आहे.

तुम्ही म्हणाल, अपघात जानेवारीत झाला, मग बंपर आत्ता का काढला? बरोबर आहे. मी काढला नव्हता. "चूक ट्रॉलीची होती", "तो न बघता रस्त्यावर आला", "वेग तर कमीच होता" असं मनाशी म्हणत आठ महिने तसाच फिरत होतो. ४५ हजारांचा माल होता आणि दिसायला रुबाबदार होता.

गेल्या महिन्यात ते पोरगं माझ्या दुकानात आलं, ठिबकच्या नळीचं विचारायला. चालताना अजून लंगडतंय. गाडी दुकानासमोर उभी होती. दुकानात यायची सरळ वाट गाडीच्या पुढून. तो पुढून आला नाही. मागून वळसा घालून आला. बोलला नीट, हसला, चहा पिऊन गेला. जातानाही मागूनच गेला.

दुसऱ्या दिवशी गॅरेजला गेलो. बंपर आणि विंच उतरवली, कंपनीचा मूळ बंपर बसवला. लिफ्ट किट काढलं, लाइट बार काढला. गॅरेजवाला म्हणाला, "दादा, बंपरला गिऱ्हाईक हाय, पंचवीस हजार आत्ता देतंय." क्षणभर मोह झाला. मग कटरनं त्याचे चार तुकडे करायला सांगितले आणि भंगारात घातला. पंधराशे रुपये आले. विंच विकली. तिनं कुणाचा पाय मोडत नाही.

पोटाखालची स्किड प्लेट ठेवलीय, दगडापासून चेंबर वाचतं आणि ती कुणाला लागत नाही. मूळ मापाचे चांगले टायर, हवा भरायचा कंप्रेसर, दोर, फावडं, टॉर्च आणि प्रथमोपचाराची पेटी गाडीत असते. डोंगरात, चिखलात, दुसऱ्याची गाडी ओढून काढायला खरोखर एवढंच लागतं. नव्या पोरांनी विचारलं तर मी हेच सांगेन. आधी आरटीओत विचारा, मग पैसे घाला.

आता शेवटचा मुद्दा, आणि तो सगळ्यांसाठी.

पंधरा-वीस दिवसांत गाळप हंगाम सुरू होईल. सातारा आणि सांगली दोन्ही जिल्ह्यांत हजारो ट्रॉल्या रस्त्यावर येतील. दर वर्षी हंगामाच्या सुरुवातीला रिफ्लेक्टर लावायचा कार्यक्रम होतो, फोटो पेपरात येतात आणि डिसेंबरात पुन्हा चिंध्या दिसायला लागतात. माझं साधं म्हणणं आहे की गव्हाणीवर रिकामी होऊन बाहेर पडणारी प्रत्येक ट्रॉली कारखान्याच्या गेटवर तपासली जावी. रिफ्लेक्टर नसेल तर पुढची खेप नाही. एका ट्रॉलीला लागणाऱ्या पट्टीचा खर्च माझ्या बंपरच्या एका नटबोल्टाच्या सेटएवढाही नसेल. मी माझ्या दुकानात पट्ट्यांचे रोल आणून ठेवलेत. या रस्त्यानं जाणाऱ्या कुठल्याही ट्रॅक्टरवाल्या दादानं थांबावं, पैसे न देता लावून घ्यावी.

आणि तो ओढ्यावरचा फरशीपूल. त्याचा अर्ज परवा पुन्हा दिलाय, तिसऱ्यांदा. पोचपावतीचा फोटो खाली टाकतो. या वेळी नुसतं लाइक करू नका. त्या वाटेनं ज्यांची पोरं शाळेला जातात, त्यांनी सोमवारी सकाळी अकराला माझ्यासोबत बांधकाम खात्याच्या ऑफिसात यावं. मी गाडी घरी ठेवून मोटारसायकलवर येणार आहे.